अंकोनाचा बहिष्कार

इ.स. १५५३ मध्ये ग्रासिया नासी ही ज्यू विधवा इस्तंबूलला पोहोचली. मलबारचे मिरे लिस्बनमार्गे युरोपभर विकून तिच्या सासरच्या पेढीने अमाप संपत्ती मिळविली होती. पोर्तुगालमधील ज्यूंना १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले असल्याने तिथे स्वतःचा धर्म मात्र त्यांना चोरूनच आचरावा लागे. सुलतान सुलेमानच्या राजधानीत तो उघडपणे पाळता येत होता.

ही मोकळीक म्हणजे समता नव्हे. ज्यूंना जिझिया भरावा लागे, पोशाखावर निर्बंध असत, नवे प्रार्थनास्थळ उभारणे कायद्याने अवघड होते. त्या बदल्यात जीविताला व मालमत्तेला संरक्षण मिळे. विवाह, वारसा यांचे तंटे त्यांचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, स्वतःच्या न्यायासनापुढे सोडवीत. हा सारा करार बादशहाच्या मर्जीवर उभा असे. आपल्या अहमदाबादच्या शांतिदास झवेरींना या मर्जीची दोन्ही रूपे दिसली होती: शाहजाद्याने मंदिराची मशीद केली आणि बादशहाने ते परत देण्याचे फर्मान काढले.

१५५५ मध्ये पोप चौथा पॉल गादीवर आला. त्याच्या अखत्यारीतील अंकोना बंदरात पोर्तुगालहून आलेले ज्यू व्यापारी आधीच्या पोपांच्या अभयावर विसंबून राहत होते. नव्या पोपने ते अभय मोडले आणि धर्मत्यागाच्या आरोपाखाली त्यांना कैद केले. मार्च १५५६ मध्ये खुद्द सुलेमानने पोपला पत्र धाडून आपल्या प्रजाजनांच्या सुटकेची मागणी केली. त्या पत्राने उस्मानी प्रजा सुटली. ज्यांना कोणताच बादशहा आपले म्हणत नव्हता, अशा सुमारे चोवीस जणांना जाळण्यात आले.

ग्रासियाने तेव्हा व्यापाराचेच शस्त्र उचलले. इस्तंबूल, सलोनिका व इतर शहरांच्या ज्यू व्यापाऱ्यांनी अंकोनाला माल न पाठविता तो पेसारो बंदरात उतरवावा, असे ठरले. पेसारोच्या ड्यूकने पळून आलेल्यांना आश्रय दिला होता. बहिष्कार फसला तर तो त्यांना हाकलील, ही भीती होती. पण अंकोनात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे इटालियन ज्यूही होते. त्यांनी कळविले की बंदर ओस पडले तर पोपचा कोप आमच्यावर होईल. इस्तंबूलचे रब्बी जोशुआ सोन्सिनो यांनी हाच प्रश्न पुढे केला: एका संकटग्रस्ताला वाचविण्यासाठी दुसऱ्याला संकटात लोटण्याचा अधिकार कोणाला आहे?

सोन्सिनोंना भेकड म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रासियाचा रोषही तितकाच खरा होता. तिने आपले वजन खर्ची घालून रब्बींच्या सह्या गोळा केल्या. बुर्साच्या व्यापाऱ्यांना मात्र धर्मापेक्षा धंद्याची अडचण अधिक वाटली असावी. पेसारोचे बंदरही अंकोनाच्या तोडीचे नव्हते. एकमत झालेच नाही.

१५५८ मध्ये पेसारोच्या ड्यूकने आश्रितांना हद्दपार केले. अंकोनाच्या धक्क्याला पूर्वेकडची जहाजे पुन्हा लागू लागली.