अरुंद रूळ आणि अवजड डबे

आजच्या वेबच्या पसाऱ्यास विटून काही विचारी मंडळी साधेपणाच्या पंथाकडे वळली आहेत. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात निघालेली ‘गोफर’ आणि २०१९ साली तिच्यापासून स्फूर्ती घेऊन निघालेली ‘जेमिनी’ या दोन पद्धती त्यांची दैवते होत. केवळ मजकूर व दुवे. जाहिरातींच्या नाचास व वाचकावरील पाळतीस तेथे थारा नाही. याच पद्धतींनी वेबची जागा घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे.

त्यांचे रोगनिदान आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. हजार शब्दांचा मराठी लेख वीसएक किलोबाइटांत मावतो. परंतु तो वाचण्यासाठी पुष्कळदा दोन मेगाबाइटांचे, म्हणजे शंभरपट, ओझे उतरवून घ्यावे लागते. मेळघाटातील ज्या पाड्यावर मोबाइलचे जाळे मोठ्या मिनतवारीने लागते, तेथील विद्यार्थ्याने हा भुर्दंड का सोसावा?

औषध मात्र आम्हांस पटत नाही. वऱ्हाडास अरुंद रुळांचा अनुभव आहे. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ अडीच फुटी रुळांवरून धावत असे. ती लोकांची लाडकी होती. पण तिच्यातील कापूस मुंबईस जावयाचा तर मूर्तिजापुरास उतरवून रुंद मार्गावरील डब्यांत पुन्हा भरावा लागे. जेमिनीचेही तेच! नेहमीच्या ब्राउझरला ती उमगत नाही. शिवाय तिच्या मूळ नियमांप्रमाणे वाचकाचे उत्तर पत्त्यास जोडून जाते, आणि पत्त्याची मर्यादा १०२४ बाइटांची. रोमन अक्षरास तेथे एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, काना-मात्रांसही, नऊ लागतात. म्हणजे मराठी माणसाने आपले गाऱ्हाणे शंभरएक चिन्हांत आटोपावे! परीक्षेचा अर्ज किंवा पीकविम्याची तक्रार अशाने कशी व्हावी?

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच की, रूळ बदलू नका, डबे हलके करा. वेबची मूळ भाषा एचटीएमएल आजही निव्वळ मजकुराचे पान विनातक्रार दाखविते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पीकसल्ला आणि अमरावती विद्यापीठाची वेळापत्रके अशाच पानांवर मिळावीत, ही मागणी सुशिक्षितांनी केली पाहिजे. अमरावतीचे विद्यापीठ ज्यांचे नाव मिरविते, त्या गाडगेबाबांनी गाव घाण म्हणून दुसरे वसविले नाही. हाती खराटा घेऊन आहे तेच झाडले.