नवा म्हणजे निर्धोक नव्हे

तानसा, अघई, खर्डी, किन्हवली, टोकावडे अशा शहापूर-मुरबाडच्या गावांत मुलांच्या कॉलेजसाठी लॅपटॉप येतो, ग्रामपंचायतीत दाखल्यांच्या कामासाठी संगणक येतो, ब्रॉडबँडची वायर जोडली जाते आणि खोका फोडल्यापासून तासाभरात त्यावर बँकेचे खाते उघडले जाते. या घाईमागचा पूर्वपक्ष असा आहे : यंत्र कोरे करकरीत आहे, त्याला अजून कुणाचा पेन ड्राइव्हही लागलेला नाही, तेव्हा ते स्वच्छच असणार, आपण आडगावातले, आपल्याकडे चोराने यावे असे आहे काय, आणि खबरदारी म्हणून दुकानदाराने अँटीव्हायरस घालून दिलाच आहे. तिन्ही मुद्दे वरवर पटतात. तपासायला घेतले, की एकही टिकत नाही.

आधी कोरेपणाचा मुद्दा घेऊ. यंत्र आज घरात आले असले, तरी त्यातली प्रणाली कारखान्यात भरली त्या दिवसाची असते. मधले महिने ते गोदामात आणि दुकानात पडून असते. त्या काळात प्रणालीत जी भोके सापडली आणि ज्यांवर निर्मात्याने ठिगळ, म्हणजे अपडेट, काढले, ती सगळी या नव्या यंत्रात उघडीच असतात. हा धोका कल्पनेतला नाही. विंडोजमधल्या एका त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने जुलै २००३ मध्ये दिला; ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, त्याच त्रुटीतून जगभर पसरला. १३ एप्रिल २००४ ला दुसरा उपाय आला आणि महिनाअखेरीस सॅसर सुटला. १४ मार्च २०१७ ला आणखी एक उपाय आला. १२ मे रोजी वॉनाक्रायने, ज्यांनी तो बसवला नव्हता, त्यांच्या फायली कुलूपबंद केल्या. तिन्ही वेळा औषध आधी आले होते, रोग नंतर. शिवाय या वर्मना कुणी फाइल उघडण्याची गरज नव्हती. जाळ्याला जोडलेले असुरक्षित यंत्र एवढेच त्यांना पुरेसे होते. आता एक आक्षेप रास्त आहे. २००४ च्या ऑगस्टपासून विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल आपोआप चालू मिळू लागली आणि आज घरोघरी यंत्र आणि इंटरनेट यांच्यामध्ये राउटर असतो, त्यामुळे उघडे यंत्र काही मिनिटांत पकडले जाण्याचे ते दिवस राहिले नाहीत. हे मान्य. पण वॉनाक्राय त्यानंतर १३ वर्षांनी आला. दार लावले म्हणून भिंतीचे भगदाड बुजत नाही.

दुसरा मुद्दा आडगावाचा. वर्म गावाचे नाव विचारत नाही. तो आकड्यांचे पत्ते एकामागून एक ठोठावत जातो आणि जिथे दार उघडे सापडते तिथे शिरतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा वर्म युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, आणि त्याचा फटका न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसून तिथले काम अडले. न्हावाशेवा कुणाच्या निशाण्यावर नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला, तेव्हा ज्या ग्राहकांनी कारखान्याचा पासवर्ड बदलला नव्हता त्यांचे मोडेम बंद पडले. त्यात शहर-गाव असा भेद नव्हता. नॉटपेट्या अपडेटच्याच वाटेने सुटला, मग अपडेट घ्यायचे कशाला, असा प्रश्न येईल. ते एका सॉफ्टवेअरचे अपडेट हल्लेखोरांनी नासवले होते. पण तिथून पुढे पसरताना त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक मार्चमधल्या त्याच अपडेटने बुजली होती. एका दुकानात भेसळ निघाली म्हणून कुणी जेवण सोडत नाही. आणि चोरण्यासारखे काय, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या टेबलावरच आहे : गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँकखाती, उतारे. तिथले यंत्र एकाचे नसते, अख्ख्या गावाचे असते.

अँटीव्हायरसचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. अँटीव्हायरस आत शिरणाऱ्याला ओळखण्याचा प्रयत्न करतो. भोक बुजवणे हे त्याचे काम नव्हे. आजच्या विंडोजमध्ये तसा रखवालदार मुळातच असतो. त्यातून स्वस्तात म्हणून चोरीची विंडोज घातली, तर ती चालू करणारी अवजारे अनेकदा आधी तो रखवालदारच बंद करायला लावतात. अशा यंत्रावर नंतर विकत घेतलेला अँटीव्हायरस म्हणजे चोराला आत घेऊन लावलेले कुलूप.

खंडन इथे संपते. मंडन साधे आहे : सुरक्षितता क्रमात आहे. आधी राउटर : त्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलावा, वायफायला वेगळा आणि लांब पासवर्ड द्यावा, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करावी. मग संगणकाची फायरवॉल चालू आहे ना, ते पाहावे. त्यानंतर जोडणी करावी आणि पहिली जोडणी फक्त अपडेटसाठी वापरावी. यंत्र पुन्हा सुरू करून, नवे काही उरले नाही असे दिसेपर्यंत पुन्हा तपासावे. रोजच्या कामाला साधे खाते ठेवावे, प्रशासकाचे खाते फक्त काही बसवायचे असेल तेव्हा. बँक आणि आधार या सगळ्यानंतर. यात वेळ जातो, डेटा जातो, मध्येच वीज गेली तर काम अडते, ही तक्रार या तालुक्यांत खोटी नाही. म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून हे काम रात्री लावावे. एक रात्र थांबणे, हीच याची किंमत आहे.

तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. धरणात ते कितीही नितळ दिसो, शुद्ध केल्याशिवाय ते आज मुंबईच्या नळाला सोडत नाहीत. ज्या भूमीतून ते पाणी जाते, तिथल्या लोकांना हा न्याय समजावून सांगावा लागू नये. म्हणून ग्रामपंचायतींना आणि शाळांना विनंती आहे : राउटरचा दिवा लागला, इंटरनेट आले, एवढ्यावर जोडणीच्या कागदावर सही करू नका. राउटरचा पासवर्ड बदललेला आणि अपडेट पूर्ण झालेले डोळ्यांनी पाहा, मगच सही करा.