शेवंतीची झोप

या सदरात मी वर्षभर शब्दांविषयी लिहितो आणि वाचक ते गोड मानून घेतात. दिवाळीला मात्र थोडी मोकळीक घेतो आणि शेवंतीविषयी लिहितो. विषय माझ्या अधिकारातला नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. गेल्या वर्षी त्याची पुरेशी शोभा झालेली आहे.

आमच्याकडची शेवंती पिवळी, अगदी साधी. आई लग्न होऊन सासवडहून पुण्याला आली, तेव्हा माहेरच्या परड्यातल्या चार काश्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिने बरोबर आणल्या होत्या. शेवंतीच्या बुंध्यालगत जमिनीतून जे फुटवे वर येतात त्या काश्या. मूळ झाड कधीच गेले. पण दरवर्षी काशी वेगळी करायची, ती वाढवायची, तिची काशी पुन्हा लावायची, असे करीत तीच शेवंती पन्नास वर्षे आमच्या घरात आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईच्या पूजेला बाजारचे फूल लागत नसे, हा तिचा एक साधासा अभिमान.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकले आणि कुंड्या माझ्याकडे आल्या. सूचना पलंगावरून होत. फुले संपली की जानेवारीअखेर झाडे चार बोटे ठेवून छाटायची. काश्या वर आल्या की सोडवून घ्यायच्या आणि उन्हाळाभर अर्ध्या सावलीत नुसत्या जगवायच्या. "उन्हाळ्यात शेवंतीकडून काही मागू नये रे," असे ती म्हणे. पावसाळ्याच्या तोंडाशी नव्या कुंडीत लावायच्या; तळाच्या भोकावर खापरी, वर माती, शेणखत आणि मूठभर वाळू. शेवंती तहानेने मरत नाही तेवढी साचलेल्या पाण्याने मरते, मुळे कुजतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा. फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. सुरुवातीला माझा हात धजत नसे. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मी निर्दयपणे काट मारतो, पण हिरवा शेंडा मोडताना जीव कळवळे. ऑगस्ट संपला की मात्र खुडणे बंद. नंतर खुडले तर कळ्याच जातात. मावा दिसला तर साबणाच्या पाण्याचा फवारा.

हे सगळे मी पोथीप्रमाणे केले. झाडे मांडीएवढी झाली, पाने काळीशार. दसरा गेला, दिवाळी गेली, कळी नाही. मी पेंडीचे पाणी वाढवले. झाडे आणखी माजली. आई रोज सकाळी विचारी, "दिसली का रे कळी?" आणि मी काहीतरी पुटपुटत वर्तमानपत्रात डोके घाली. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मंडईतली फुले आणली. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

गंमत म्हणजे जिन्याच्या भिंतीआड एक मोडकी कुंडी होती, तिला खत नाही की कौतुक नाही. ती मात्र फुलली होती. आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी ही तक्रार सांगितली. त्यांनी एकच विचारले, "गॅलरीसमोर दिवा आहे का?" होता. त्याच जूनमध्ये फाटकाशी पांढऱ्या प्रकाशाचा नवा दिवा लागला होता. गॅलरीत रात्रभर पेपर तपासावेत इतका उजेड. (मी तपासलेही होते.)

"मग फुलेल कशी? तिला झोपच मिळत नाही," ते म्हणाले.

१९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावरून दाखवून दिले, की कित्येक झाडे दिवसाची लांबी पाहून फुलतात. पुढे १९३८ च्या सुमारास उलगडले, की झाड खरे तर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीत मध्येच उजेड पडला तर ते मोजमाप मोडते. पुण्यात जूनमधला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला अकरांचा. रात्री लांबू लागल्या की शेवंती कळी धरते. फुले उशिरा हवी असली तर बागाईतदार मुद्दाम रात्री दिवे लावतात. म्हणजे मी नकळत मोठा बागाईतदार झालो होतो!

कुंड्या त्याच संध्याकाळी मागच्या गॅलरीत हलवल्या. फुले आली, पण जानेवारी संपताना. कळी धरण्यापासून उमलण्यापर्यंत तिला दोन महिने लागतातच. मार्गशीर्ष केव्हाच सरला होता.

यंदा ऑगस्टपासूनच कुंड्या मागे आहेत. तिथे स्वयंपाकघराचा उजेड पडतो, म्हणून खिडकीला जाड पडदा आला. लगतच्या खोलीत चिरंजीव अभ्यास करतात. त्यांच्या दिव्यावरून घरात दोनदा चकमक झाली आणि शेवटी त्यांचे टेबल हॉलमध्ये गेले. सौ.चे म्हणणे, शेवंतीची एवढी बडदास्त, तर माझ्या झोपेचीही कोणी चौकशी करावी. या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परवा आईला धरून मागे नेले. तिला दिसत नाही फारसे. तिने शेंड्यांवरून बोटे फिरवली, सावकाश, एकेक फांदी करीत.

"अकरा," ती म्हणाली.

मी सकाळी नऊच मोजल्या होत्या. पुन्हा मोजल्या. पानाआड दोन होत्या.