पदवीनंतरची दोन वर्षं

मुलगी कॉलेजकडून खेळते तोवर घरादाराला तिचं कौतुक असतं. पदवी हाती आली की मात्र सूर बदलतो, 'आता खेळ पुरे!' गोल्फ खेळणाऱ्या मुलीचा खरा कस तर तिथूनच लागतो.

अमेरिकेत १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर मुलींना कॉलेजच्या खेळांत मोठी संधी मिळाली. संघात असेपर्यंत प्रशिक्षक, प्रवास, सरावाचं मैदान ही सगळी सोय कॉलेज बघतं. व्यावसायिक झालं की प्रवेश फी, विमान, हॉटेल, कॅडी, सारा खर्च स्वतःचा. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरचा 'कट' हुकला, तर बहुतेक वेळा हाती दमडीही येत नाही. आपल्याकडे हा भार कुटुंबच उचलतं. बंगळुरूची अदिती अशोक कॉलेजच्या वाटेने न जाता २०१६ साली थेट व्यावसायिक झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली, २०२१ मध्ये टोकियोत आईने. तिथे ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं.

पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं जुनं मैदान आहे. खेळणाऱ्या मुलीही आहेत. मुलाने धंदा काढला की आपण म्हणतो, 'जम बसायला वेळ लागणारच.' मग मुलीच्या खेळालाही व्यवसाय समजू या ना! लग्नासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतले थोडे तिच्या खेळाला द्यावेत. जमाखर्च तिलाच लिहू द्यावा. दोन-तीन वर्षांची मुदत ठरवावी आणि तोवर 'पुढे काय?' हा प्रश्न घरात कुणी काढू नये.