पेपर कुणीतरी लावावा लागतो

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातले अनेक ट्विटर वापरणारे एकदम मॅस्टोडॉनकडे वळले. निमित्त होतं सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केल्याचं. गर्दी नाझी सलाम करत असताना हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या एका माणसाचा जुना फोटो त्यांनी खात्यावर लावला होता. पुढे हा जोर ओसरला. नव्या माणसाला तिथे आधी जाणवते ती शांतता. माणसं असतात, पण दिसत नाहीत. असं का होतं?

मॅस्टोडॉन किंवा लेमी हे एका कंपनीचं दुकान नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या समान नियमाने एकमेकांशी बोलतात. २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने त्याला मान्यता दिली. मात्र सगळ्या माणसांची आणि गटांची एकच पक्की यादी कुणाकडेच नसते.

सर्व्हर म्हणजे जोगेश्वरीतली एक इमारत समजा. इमारतीत एकाने पेपर लावला की तो रोज येतो आणि शेजारीही वाचतात. कुणीच लावला नाही, तर तो पेपर निघतो हेसुद्धा इमारतीला कळत नाही. लेमीवर असंच चालतं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या गटाचा पूर्ण पत्ता आपल्यापैकी कुणीतरी शोधला, की आपला सर्व्हर तिथून गटाची माहिती आणि अलीकडच्या मोजक्या पोस्ट आणतो. एक जण सदस्य झाला, की पुढची प्रत्येक पोस्ट, प्रतिक्रिया आणि मत आपल्याकडे पोचतं. जुनी रद्दी मात्र सगळी येत नाही. शेवटचा सदस्य बाहेर पडला, की पेपर बंद.

हॅशटॅगचंही तसंच आहे. अंधेरीचा भाऊ आणि मुलुंडची बहीण वेगळ्या सर्व्हरवर असतील, तर एकाच हॅशटॅगखाली दोघांना वेगळ्या पोस्ट दिसू शकतात. आपल्या सर्व्हरपर्यंत जे पोचलं, तेवढंच दिसतं.

मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम तरुणांसाठी हे महत्त्वाचं आहे. आपल्याला उर्दू-हिंदीच्या खात्यात टाकलं जातं आणि मराठीच्या हिशेबात धरायचं राहून जातं. इथे आपल्याला शोधून पुढे ढकलणारं कुणी नाही, तसंच मागे दाबणारी एक कंपनीही नाही. एकमेकांना शोधण्याचं काम आपलंच.

म्हणून काही गोष्टी करू या. आपला पत्ता सर्व्हरच्या नावासह पूर्ण द्या. पोस्टची भाषा 'मराठी' निवडा, नाहीतर भाषेनुसार गाळून वाचणाऱ्याला ती कदाचित दिसणार नाही. हॅशटॅग ठरवून वापरा. एकाने चांगला गट शोधला, तर त्याचा पत्ता दहा जणांना द्या. लिखाणाची प्रत स्वतःकडे ठेवा, कारण मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट नाही. आणि खाजगी ते लिहूच नका. पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत पुसली जाईलच याची खात्री नसते.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. 'कू'वर मराठीतही लिहिता येत होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं आणि तिथे जमलेली मंडळी पांगली. आपली बैठक दुसऱ्याच्या ओट्यावर किती दिवस भरवायची, हे आता आपण ठरवायला हवं.