इंजिनाचा उच्छ्वास

ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर वा कल्याण-शीळ रस्त्यावर सरकणाऱ्या मोटारींच्या इंजिनांत, पिस्टनच्या कड्यांतून निसटलेला वायु क्रॅंककेसमध्यें उतरतो व तेलाची वाफ घेऊन नळीवाटें पुनः जळावयास परततो. टर्बोचार्जरचा दाब उलट क्रॅंककेसमध्यें शिरूं नये म्हणून झडप असते. पूर्वी हा वायु रस्त्यावरच सोडीत. १९६१ सालीं कॅलिफोर्नियानें परतीच्या नळीची सक्ती ठरविली.

आंत तेल सांचतें म्हणून कोणी ती नळी उघडी सोडतात, हें आम्हांस गैर वाटतें. आपलें इंजिन स्वच्छ राहावें म्हणून शाळेस पायीं जाणाऱ्या मुलांनीं तेलाची वाफ कां हुंगावी? तेल वेळेवर बदलावें, झडप तपासून घ्यावी. पालकहो, गाडी आपली असली तरी हवा सर्वांची आहे.