परवाना नाही, म्हणून जाबही नाही?

खासगी उपग्रह वाहिनीला केंद्राची परवानगी 10 वर्षांसाठी मिळते. मुदत संपली की नव्याने अर्ज, नव्याने अटी. 2022च्या नियमांनी तर रोज अर्धा तास लोकहिताचा कार्यक्रम दाखवायलाही सांगितलं. दूरदर्शनचं मात्र तसं नाही. ते चालवणारी प्रसार भारती 1990च्या कायद्याने उभी आहे. तिला परवान्याची मुदत नाही, म्हणून नूतनीकरण नाही आणि आपल्याला विचारणारंही कुणी नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीची सध्याची सनद 2027अखेर संपते, नवी देण्याआधी तिथे लोकांची मतं मागवली जातात. प्रसारणलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, असं आपलं सर्वोच्च न्यायालय 1995 सालीच म्हणालं. पण मालकाला पावती मिळालेली नाही.

प्रसार भारतीला अटी मात्र आहेत. कायद्याच्या बाराव्या कलमात शेती, ग्रामविकास, प्रादेशिक भाषा-संस्कृती, आदिवासी समाज हे सगळं लिहून ठेवलंय. ‘आमची माती आमची माणसं’ दूरदर्शनच्या ज्या मुंबई केंद्राने घरोघर पोचवलं, त्याला वसई काही परकी नाही. वसईतला केळीचा बागायतदार, अर्नाळ्याचा कोळी, पलीकडे डहाणूचा वारली, आणि आमची कादोडी नि वाडवळी बोली, हे त्या केंद्राच्या सह्याद्री वाहिनीवर किती दिसतं, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. दर 10 वर्षांनी जनसुनावणी व्हावी, आणि एक पालघर जिल्ह्यातही. वाचकहो, सह्याद्रीवर आपल्या भागातलं काय हवं, ते आम्हाला लिहून पाठवा. आम्ही ते मुंबई केंद्राकडे पोचवू.